रोममधला तो शनिवार आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस

आधी आकडे लिहून टाकते. ते सांगायची लाज वाटते म्हणूनच माणसं गप्प बसतात, आणि आम्हीही तीन आठवडे गप्प बसलो. फॉरेक्स कार्डातून ११० युरो. क्रेडिट कार्डातून १२,१८८ रुपये, वर बँकेचं शुल्क १४३ रुपये ८२ पैसे. दुपारच्या जेवणाचे ११४ युरो १० सेंट. हे सगळं फसवणुकीत गेलं, रोममध्ये, एका शनिवारी, सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीचच्या दरम्यान.

आम्ही काही पहिल्यांदा घराबाहेर पडलेली माणसं नाही. मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली अकरा कॅशवर. ह्यांनी शाळेत इतिहास शिकवला. जायच्या आधी मुलीने बजावलं होतं, "आई, हातात कोणी दोरा बांधायला आलं तर हात मागे घे. गुलाब दिला तर घेऊ नकोस. पर्स पुढे धर." ते सगळं आम्ही पाळलं. स्टेशनजवळच्या हॉटेलातून व्हिया कावूरने चालत निघालो, वाटेत त्या दोरेवाल्याला मी मराठीतच असं हाकललं की तो पुन्हा जवळ आला नाही. पायऱ्या चढून साखळदंडाच्या संत पीटरच्या चर्चमध्ये गेलो, मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा एक पैसा न देता डोळे भरून पाहिला. मोझेसच्या गुडघ्यासमोर हे दहा मिनिटं नुसते उभे होते. तिथून उतरलं की कोलोसियम समोरच येतं.

मळक्या कपड्यातल्या माणसावर आमची नजर होती. फसवलं ते इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाने.

निळा शर्ट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, हातात प्लास्टिकच्या कव्हरातला कोलोसियमचा नकाशा. "नमस्ते. मुंबई? पुणे?" ह्यांनी "नाशिक" म्हटलं तर म्हणतो, "नाशिक, ग्रेप्स!" त्याच्या पाठीमागे उन्हात रांग वळसा घालून गेलेली. आजची तिकिटं संपली, असं त्याने सांगितलं, आणि ते खरं होतं, कारण मी आदल्या रात्री अधिकृत वेबसाइटवर पाहिलं होतं. खोट्यात एवढं खरं मिसळलं की माणूस पुढचं तपासत नाही. माणशी ५५ युरो, रांग नाही, इंग्रजी बोलणारा गाइड, सव्वाअकरा वाजता कॉन्स्टंटाइनच्या कमानीजवळ जमायचं.

आता कुणी म्हणेल, १८ युरोच्या तिकिटाला ५५ कसे दिले? गाइडसकटच्या सहली ऑनलाइनही ५०-६० युरोलाच दिसतात. म्हणून भाव ऐकून संशय आला नाही. ह्याने २० युरो सांगितले असते तर मी नक्की थबकले असते.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला अजून रात्री जाग येते. त्याने ओळखपत्र पुढे करून दाखवलं, तेव्हा त्याचा अंगठा बरोबर फोटोवर होता. पट्टा सोडताना अंगठा सरकला आणि मला फोटो दिसला. चष्मा लावलेला, रुंद चेहऱ्याचा माणूस. समोरचा चिंचोळ्या हनुवटीचा, चष्म्याचा मागमूस नाही. मी पाहिलं. अकरा वर्षं काउंटरवर सही आणि फोटो ताडून पैसे देणाऱ्या बाईने ते पाहिलं आणि मनात म्हटलं, जुना फोटो असेल.

एवढंच नाही. प्रवेशाच्या बाजूला इंग्रजीत सूचना होती, की तिकिटावर नाव असतं आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. मी ती ह्यांना वाचूनही दाखवली. त्या माणसाने ऐकलं आणि पटकन म्हणाला, ते एकट्या-दुकट्यांसाठी, आपला ग्रुप आहे. मग वहीत आमची नावं लिहून घेतली, स्पेलिंग विचारून विचारून. नाव लिहून घेतलं म्हणजे नोंद झाली, असं आपल्याला वाटतंच. हातात आलेल्या कागदावर मात्र नाव नव्हतं. नीट ऐका: ऑक्टोबर २०२३ पासून कोलोसियमचं तिकीट नावानिशी असतं आणि दारात पासपोर्टशी ताडतात. बिननावाचा कागद कुणी दिला तर तिथूनच मागे फिरा.

पैसे घेताना त्याने छोटं यंत्र काढलं. फॉरेक्स कार्ड घातलं, ह्यांनी पिन टाकला. "डिक्लाइन्ड, नेटवर्क," म्हणाला. पडदा आमच्याकडे वळवलाच नाही, पावतीही नाही. दुसरं कार्ड आहे का? मी क्रेडिट कार्ड दिलं. ह्या वेळी पडद्यावर युरो की रुपये असं विचारलं होतं, एवढं मला दिसलं. त्याने स्वतःच रुपये दाबले. म्हणून चढ्या दराने ११० युरोचे १२,१८८ रुपये. परदेशात यंत्राने विचारलं तर नेहमी तिथलं चलन निवडा, आणि बोट आपलं असू द्या. आमच्या फोनवर भारतातलं सिम रोमिंगशिवाय बंद पडलेलं, हॉटेलच्या वायफायवरच मेसेज यायचे. संध्याकाळी कळलं की पहिलं कार्डही चाललं होतं. रोमिंगचे चार पैसे वाचवू नका हो. तो एक मेसेज तेव्हाच आला असता तर तो माणूस अजून समोर उभा होता.

सव्वाअकरा झाले. साडेअकरा, पावणेबारा. कॉन्स्टंटाइनच्या कमानीजवळ आमच्यासारखी आणखी पाच माणसं तोच कागद घेऊन उभी, त्यात एक ब्राझीलचं जोडपं लहान मुलीसह. दारावरच्या बाईने कागदावरचा क्यूआर यंत्रापुढे धरला, लाल दिवा लागला, तिने मान हलवली. ती काही उर्मटपणे बोलली नाही. पण तिने दिवसभरात असे किती कागद पाहिले असतील, हे तिच्या मान हलवण्यावरून मला समजलं.

हे काही बोलले नाहीत. कोलोसियम सम्राट व्हेस्पासियनने बांधायला घेतलं, टायटसने इसवी सन ८० मध्ये खुलं केलं, हे त्यांनी किती वर्गांना शिकवलं, फळ्यावर त्या कमानींचे मजले खडूने काढून दाखवले. ते कुंपणाच्या बाहेरून वर बघत राहिले आणि मग म्हणाले, "चल, उन्हात उभी राहू नकोस." पैशापेक्षा मला हे लागलं. अजून लागतं.

खरं तिकीट मिळत का नाही, तेही जाणून घ्या. एप्रिल २०२५ मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने कोलोसियमची तिकिटं अडवल्याच्या प्रकरणात, पूर्वी तिकीटविक्री सांभाळणारी संस्था आणि सहा पर्यटन कंपन्या यांना मिळून जवळजवळ २ कोटी युरोंचा दंड केला. संगणकावरून घाऊक तिकिटं उचलायची आणि चढ्या भावाने विकायची, असा तो प्रकार. तिकीट दिसत नाही म्हटल्यावर साधा माणूस फुटपाथवरच्या माणसाकडे जातो. तिथे असे लोक उभेच असतात.

मग पायीच पुढे निघालो. पिआझ्झा व्हेनेझिया, पँथिऑन (५ युरो, यंत्रावर तिकीट, काही भानगड नाही), आणि नव्होना चौक. तिथल्या बेर्निनीच्या कारंज्यात चार नद्या आहेत, त्यातली एक आपली गंगा, हातात वल्हं घेतलेल्या पुरुषाच्या रूपात. गंगा बघून ह्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला, आणि म्हणूनच जेवायचं जरा चांगलं, असं मी ठरवलं. दारात उभं राहून बोलावणाऱ्या हॉटेलात जाऊ नये हे मला माहीत होतं. पाय दुखत होते, दीड वाजला होता, गेलो.

ह्यांचं बालपण रत्नागिरीचं. मासा समोर आला की कल्ले उघडून बघायचा, भाव ठरल्याशिवाय पिशवी पुढे करायची नाही, ही त्या घरची रीत. वेटरने ताटात अख्खा ओराता आणून दाखवला, ह्यांनी कल्ले बघितले, ताजा होता. यादीत ८ लिहिलेलं. आम्ही ८ युरो समजलो. त्यापुढे बारीक अक्षरात "एत्तो" होतं. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मासा ९०० ग्रॅमचा. ७२ युरो.

माझा पास्ता १४, पाण्याच्या दोन बाटल्या ८, पाव ६, पाव सोडून बाकीच्यावर सेवाशुल्क १५ टक्क्यांनी १४ युरो १० सेंट. एकूण ११४.१०. पाव आम्ही मागितला नव्हता, टोपली आपोआप आली. रोम ज्या लाझिओ प्रांतात येतं, तिथे नुसतं टेबलावर बसल्याबद्दल "कोपेर्तो" लावायला बंदी आहे, म्हणून तोच पैसा पावाच्या नावाने काढतात. नको असेल तर टोपली आल्या पावली परत पाठवा. आणि पाणी! रोममध्ये रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, "नाझोने" म्हणतात, सुमारे अडीच हजार, थंडगार पिण्याचं पाणी अखंड वाहतं. तिथून बाहेर पडून कोपऱ्यावर वळलो तर एक नळ वाहतच होता. बिल हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर आलं. "स्कोन्त्रीनो फिस्काले" म्हणजे छापील पावती मागा, ती देणं त्यांना बंधनकारक आहे. मला हा शब्द दुसऱ्या दिवशी कळला.

मासा तोलण्याआधी "किती होतील?" असं विचारलं असतं तर एवढं झालं नसतं. मंडईत आपण एरवी कोथिंबिरीच्या जुडीलाही विचारतो.

आता पोलीस. कोलोसियमपाशी तीन तऱ्हेचे गणवेश उभे होते. पहिल्याने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने ठाण्याकडे. तो निळ्या शर्टातला माणूस उभा होता ती जागा पहिल्या गणवेशापासून तीस पावलं असेल. मी मोजली. रोज तिथे हा धंदा चालतो आणि रोज ते तिथे उभे असतात. पर्यटक रोज बदलतो, म्हणून कुणालाच काही वाटत नाही.

जेवण झाल्यावर संध्याकाळी हॉटेलात जाऊन मेसेज पाहिले आणि तडक ठाण्यावर गेलो. चार वीसला पोचलो, नंबर घेतला, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. सहा चाळीसला आत घेतलं. त्या अधिकाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "पिन तुम्ही टाकला?" हो. "कार्ड तुम्ही दिलं?" हो. दोन्ही हात पसरून म्हणाला, मग चोरी कुठे झाली? मी म्हटलं, चोरी नाही, फसवणूक. दुसऱ्यांदा पैसे घेतले त्याचं काय? त्याने अर्ज पुढे केला, सगळा इटालियनमध्ये. इंग्रजी बोलणारा माणूस सोमवारी. रविवारी सकाळी आमची फ्लोरेन्सची गाडी. चाळीस हजारांची हॉटेलं आधी भरलेली. मी विचारलं, फ्लोरेन्सला जाऊन तक्रार चालेल का? चालेल, म्हणाला. फ्लोरेन्सला गेलो तर तिथे म्हणाले, जिथे घडलं तिथे जा. ब्राझीलच्या जोडप्याचा ईमेल मी घेतला होता, साक्षीदार म्हणून. तो कागद कुणी हातातही धरला नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर तक्रारीला तिथे "देनुन्चा" म्हणतात, हा शब्द पाठ करा आणि शिक्क्याची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका. आम्ही उठलो. तिथून पुढचं सगळं त्यामुळेच बिघडलं.

नाशिकला आल्यावर विमा कंपनी म्हणाली, पोलिसांची प्रत आणा, तीही २४ तासांच्या आतली; आणि तशीही आमच्याकडे चोरी बसते, फसवणूक बसत नाही. हप्ता घेताना फोनवर तासभर गोड बोलणारी तीच कंपनी. बँक म्हणाली, पिन टाकला म्हणजे ग्राहकाची संमती. मी विचारलं, एकाच तिकिटाचे दोन कार्डांतून दोनदा पैसे, दहा मिनिटांच्या अंतराने, ही कसली संमती? पोलिसांची प्रत जोडा, म्हणाले. प्रत पोलीस देत नाहीत, प्रतीशिवाय बँक ऐकत नाही, आणि दोघेही माझ्याकडे असं बघतात की चूक करणारी मीच. मी त्याच खुर्चीवर बसून लोकांच्या तक्रारी घेतल्या आहेत. कुणाला असं वाऱ्यावर सोडल्याचं मला आठवत नाही.

तरी सोडलेलं नाही. लेखी तक्रार दिली, पोच घेतली, दोन्ही कार्डांचे उतारे आणि त्या कागदाचा फोटो जोडला. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तोंडी तक्रारीवर तिथे जाता येत नाही, म्हणून फोनवर बोलून समाधान मानू नका, लेखीच द्या. आज एकोणिसावा दिवस आहे.

आमच्या सोसायटीतल्या दोघी बहिणी पुढच्या महिन्यात इटलीला निघाल्या आहेत. काल रात्री त्यांना घरी बसवून कोलोसियमची तिकिटं अधिकृत वेबसाइटवरून काढून घेतली, प्रत्येकी १८ युरो. पासपोर्ट शेजारी ठेवून ह्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि मी टाइप केलं.