फुकटचा मोबाइल गेम की महागडा कन्सोल?

सहावीतल्या मुलासाठी काय बरं, असं वहिनींनी विचारलंय. जाहिराती बाजूला ठेवून बघू.

खर्च: नवा प्लेस्टेशन 5 (टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल) म्हणजे 50 हजारांच्या आसपास, वर गेमचे वेगळे. फ्री फायर मॅक्स डाउनलोडला शून्य. पण त्यातले डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, खऱ्या पैशांचे. ते घालून चक्र फिरवायचं, हवा तो पोशाख लगेच निघेलच असं नाही, म्हणून परत फिरवायचं. बंदुकीच्या रंगासाठी बाबांचा यूपीआय पिन पाठ करणारी कार्टी असतात! 2025च्या कायद्याने बंदी आणली ती पैसे लावायच्या रमी-पोकरसारख्या खेळांवर. डायमंडचं दुकान चालूच आहे.

वेळ: कन्सोल हॉलमधल्या टीव्हीला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मोबाइल पांघरुणात शिरतो. बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेममध्ये 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे खरी, पण जन्मसाल खोटं टाकलं की संपलं. शिवाय सामना अर्ध्यावर सोडला तर टीममधले ओरडतात, त्यामुळे ‘पाच मिनिटं’ कधीच पाच नसतात. कन्सोलवर एकट्याने खेळायचा गेम सेव्ह करून जेवायला उठता येतं.

अनोळखी माणसं: ऑनलाइन गेलं की दोन्हीकडे भेटतात. व्हॉइस चॅट बंदच ठेवा.

घरात दोन भावंडं असतील आणि टीव्हीवर हक्क सोडायची तयारी असेल, तर कन्सोल, सेकंडहँडही चालेल. मित्र सगळे मोबाइलवरच असतील आणि एवढे पैसे घालायचे नसतील तर मोबाइल. मात्र आईबाबांचाच, प्ले स्टोअरला प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड लावून, आणि रात्री चार्जिंगला स्वयंपाकघरात.