एशियाटिक की डेव्हिड ससून: जुन्या ग्रंथालयासाठी एक दिवस काढणाऱ्यांसाठी

मुंबईतले जुने ग्रंथालय पाहायला निघालेल्या वाचकापुढे बहुधा दोन नावे असतात: हॉर्निमन सर्कलसमोरच्या टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटी आणि काळा घोड्याचे डेव्हिड ससून ग्रंथालय. दोन्हींमधले अंतर पायी पंधरा मिनिटांचेही नसल्याने एका सकाळी दोन्ही उरकावीत असे वाटते. माझा सल्ला मात्र एकच निवडण्याचा आहे, कारण ही ग्रंथालये वेगवेगळ्या माणसांच्या गरजेतून जन्माला आली आणि तो फरक आजही जाणवतो.

एशियाटिकची सुरुवात 1804 साली सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने विद्वानांचे मंडळ म्हणून झाली. टाऊन हॉल 1833 साली पूर्ण झाला. तीस पायऱ्या चढून, भव्य डोरिक खांबांमधून आत गेल्यावर संगमरवरी पुतळे दिसतात; त्यांत आपल्या नाना शंकरशेटांचाही पुतळा आहे आणि माझी पावले दर वेळी तिथे थबकतात. लाखाहून अधिक ग्रंथ, संस्कृत, प्राकृत, फारसी हस्तलिखिते, अकबराची सोन्याची मोहोर, दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित, सोपाऱ्याच्या स्तूपात 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडलेले करंडक, असे हे वैभव आहे. तथापि या अनमोल वस्तू कडेकोट बंदोबस्तात असतात आणि क्वचितच प्रदर्शनात मांडल्या जातात, त्यामुळे केवळ त्यांच्या ओढीने गेल्यास निराशा पदरी पडेल. एशियाटिकला प्रश्न घेऊन जावे. भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारख्या संशोधकाचे या संस्थेशी दीर्घकाळ नाते राहिले, ते इथल्या ग्रंथसंग्रहामुळेच. निघण्यापूर्वी संस्थेच्या ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर आपला विषय शोधून ठेवला, तर तिथला वेळ सत्कारणी लागतो. याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. ही स्वतंत्र संस्था असल्याने कुणाकडे काय मागायचे हे आधी ठरवावे.

डेव्हिड ससूनची गोष्ट निराळी आहे. 1847 साली सरकारी टांकसाळ आणि गोदी येथील तरुण कारागिरांनी आपल्या शिक्षणासाठी संस्था काढली, आणि बगदादहून मुंबईत येऊन स्थिरावलेल्या ससून कुटुंबाच्या देणगीतून तिला 1870 साली मालाडच्या पिवळसर दगडाची ही वास्तू मिळाली. कामावरून सुटलेल्या माणसाने निवांत वाचत बसावे, हा या जागेचा स्वभाव आहे. वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात आरामखुर्च्या, खाली रस्त्यावरची वर्दळ, मागच्या बाजूला झाडांची सावली असलेली बाग. ज्याला हाताशी असलेले पुस्तक शांतपणे वाचायचे आहे त्याच्यासाठी दक्षिण मुंबईत मला याहून चांगली जागा ठाऊक नाही. 2023 साली जीर्णोद्धार झाल्यापासून वाचनकक्षाचे मूळ रूपही पुन्हा खुलले आहे. फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा महोत्सव असताना मात्र वाचनासाठी जाऊ नये.

सोबत वडीलधारी माणसे असतील तर टाऊन हॉलच्या पायऱ्यांचा विचार जरूर करावा. सभासदत्व, पाहुण्यांना प्रवेश आणि छायाचित्रे यांचे नियम दोन्हीकडे फोन करून विचारून घ्यावेत.

आणि शोध जुन्या मराठी मजकुराचा असेल, तर या दोन्हींच्या आधी दादर पूर्वेचे, 1898 साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठावे. पर्यटकाने पाहावे असे तिथे फारसे काही नाही, पण संदर्भ विभागात एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकाचा खंड समोर आला की पान दोन्ही हातांनी, कडेला धरून उलटावे लागते. कागद तपकिरी झालेला असतो, त्याचे बारीक कण टेबलावर पडतात आणि शाई मात्र अजून काळीभोर असते. आजोबा-पणजोबांच्या काळातली एखादी जाहिरात किंवा वाचकाचे पत्र शोधायचे असेल, तर शक्य तितके नेमके साल, निदान दशक, टिपून न्यावे. तेवढ्यानेच ग्रंथपालांचे आणि आपले काम निम्म्याने हलके होते.