एकच यंत्र, चार दारं: कोणत्या गुंतवणूकदाराला काय दाखवायचं?

समजा, तुम्ही नाशिककडचे आहात. चाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की माणसाच्या नाकाआधी कळावं, असं एक यंत्र तुम्ही बनवलंय. ते आर्द्रता, तापमान आणि वायू मोजतं आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर इशारा पाठवतं. घरचे आणि मित्रांचे मिळून सात-आठ लाख घालून झाले, आता पुढचे पैसे हवेत. समोर चार दारं आहेत: सरकारी सीड फंड (सुरुवातीच्या टप्प्यासाठीचा निधी), एंजल गुंतवणूकदार, व्हेंचर फंड आणि बँक. बहुतेक जण बारा स्लाइडचं एकच सादरीकरण घेऊन चारही ठिकाणी जातात आणि मग "कुणाला कळतच नाही आपली आयडिया" म्हणत परत येतात. आयडिया कळलेली असते. ज्या प्रश्नाचं उत्तर त्या दाराला हवं होतं, ते सादरीकरणात नसतं.

सीड फंड: चालतं का?

स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना 2021 साली 945 कोटींच्या तरतुदीसह आली. नमुना आणि चाचण्यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) कर्जरोखे. पैसे सरकार थेट देत नाही, निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थांमार्फत येतात. कंपनीला डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता हवी, अर्जाच्या वेळी ती स्थापन होऊन दोन वर्षं उलटलेली नकोत आणि आधी दुसऱ्या सरकारी योजनेतून 10 लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली नको. योजना मुळात चार वर्षांसाठी आखलेली होती, त्यामुळे कागदं जमवण्याआधी इन्क्युबेटरला फोन करून निधी शिल्लक आहे का ते विचारा.

इथल्या समितीला तुमचं व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत) ऐकण्यात रस नसतो. कोणता टप्पा कोणत्या महिन्यात, त्याला किती खर्च आणि तो पार पडला हे मोजायचं कसं, एवढं नीट मांडा. पैसे हप्त्यांनी येतात, टप्पा झाला की पुढचा हप्ता.

एंजल: तुम्ही कोण?

एंजल स्वतःच्या खिशातले पैसे घालतो. म्हणून तो यंत्रापेक्षा माणसं जास्त बघतो. दोघा संस्थापकांपैकी नोकरी कुणी सोडली? शेतकरी तुमचं का ऐकेल? पहिलं यंत्र बंद पडलं तेव्हा चांदवडला कोण गेलं होतं? या शेवटच्या प्रश्नाला तारखेसकट उत्तर देता आलं तर तीन स्लाइड कमी लागतात.

दुसरी गोष्ट, पैसे मोजलेलं गिऱ्हाईक. फुकट वाटलेल्या दोनशे यंत्रांपेक्षा हजार-दोन हजार आगाऊ देणारे पंधरा शेतकरी वजनदार ठरतात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आकडा मोठा दिसावा म्हणून यंत्रं वाटली जातात आणि मग "यातल्या किती जणांनी पैसे दिले?" या साध्या प्रश्नाला घसा कोरडा पडतो.

तिसरी गोष्ट, हिस्सेदारीचा तक्ता, म्हणजे कंपनीत कुणाचा किती हिस्सा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चांगले व्यवहार फिसकटताना मी पाहिले ते बहुधा याच तक्त्यावर. मावसभावाने सुरुवातीला पाच लाख दिले आणि उपकाराच्या भरात त्याला 25 टक्के दिले गेले. तो आज कंपनीत काहीच करत नाही, पण पाव कंपनी त्याची. कोड लिहिणाऱ्या कॉलेजच्या मुलाशी करार नाही, ट्रेडमार्क तुमच्या वैयक्तिक नावावर, आणि धंदा अजून भागीदारी फर्ममध्ये. फर्ममध्ये शेअर नसतात, मग एंजलने घ्यायचं काय? आधी प्रायव्हेट लिमिटेड करा, हक्क कंपनीच्या नावावर आणा आणि मावसभावाशी बोला. तीनही कामांत तिसरं सगळ्यात अवघड.

टीव्हीवरच्या शार्क टँक इंडियाच्या पहिल्या पर्वात मालेगावचे 'जुगाडू कमलेश' सायकलवरचं फवारणी यंत्र घेऊन आले होते. दाखवायला विक्री नव्हती. स्वतःच्या हाताने बनवलेलं यंत्र आणि वर्षानुवर्षांची मेहनत होती. त्यांना 40 टक्के हिश्शासाठी 10 लाख मिळाले आणि वर 20 लाख बिनव्याजी कर्ज. माणूस बघून पैसे देणं म्हणजे काय, ते त्यात दिसलं. पण तुम्ही 40 टक्क्यांचा आकडा मनात धरू नका. सुरुवातीलाच एवढं दिलं, तर पुढचा गुंतवणूकदार विचारतो, संस्थापकाला झटायला काय उरलं?

एक दिलासा: ज्याला लोक 'एंजल टॅक्स' म्हणायचे, ते शेअर रास्त किमतीपेक्षा महाग विकले तर वरच्या पैशांवर कर लावणारं आयकराचं कलम जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झालं.

व्हेंचर फंड: किती मोठं होईल?

व्हेंचर फंड इतरांचे पैसे गोळा करून झपाट्याने वाढू शकणाऱ्या कंपन्यांत घालतो. हिशेब करून बघा. फंड 500 कोटींचा आहे आणि शेवटी त्याच्याकडे तुमचे 10 टक्के उरले. तुमच्या एका कंपनीतून त्याला अख्खा फंड परत मिळवायचा, तर कंपनी 5,000 कोटींची व्हायला हवी. फंडाच्या बऱ्याच कंपन्या बुडणार हे गृहीतच असतं, म्हणून प्रत्येकीत तो ही शक्यता शोधतो. तुमचं यंत्र चांगलं आहे हे त्याला पटतं, तरीही तो नाही म्हणतो, ते याचमुळे.

आता आपला कांदा. समजा एक लाख चाळींत 10,000 रुपयांचं यंत्र बसलं. झाले 100 कोटी, तेही एकदाच. फंडाला दरवर्षीची वर्गणी दाखवावी लागेल, किंवा बटाटा आणि धान्याच्या गोदामांपर्यंतचा रस्ता. शिवाय तो विचारणार, निर्यात बंद झाली की काय? ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरात बंदी आली, ती मे 2024 मध्ये उठली. भाव पडलेल्या वर्षी शेतकरी वर्गणी भरेल का, याचं उत्तर तुमच्याकडे आकड्यात हवं. गेल्या हंगामात पैसे दिलेल्यांपैकी यंदा किती जणांनी पुन्हा दिले, हा एक आकडा बाकी सगळ्या आलेखांपेक्षा मोठा. नफ्याच्या हिशेबात येवल्याला गेलेल्या तंत्रज्ञाचं डिझेलही धरा. ते वगळलेलं फंडवाल्यांच्या लगेच लक्षात येतं.

बँक: काल काय केलंत?

बँकेला तुमचं स्वप्न नको, रिटर्न हवेत. आयकराचे, जीएसटीचे, सोबत सिबिल स्कोअर. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत, आणि 'तरुण' गटातलं कर्ज फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत मिळू शकतं. सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची हमी असली तर तारण लागत नाही. पण ती हमी बँकेला असते, तुमचं कर्ज त्याने माफ होत नाही. गिऱ्हाइकाकडून पैसे हंगामात आणि हप्ता दरमहा, ही गाठ आधी सोडवा.

मग जायचं कुठे? एकही पूर्ण हंगाम पाहिलेला नसेल तर फक्त पहिलं दार. एंजलकडे दोन हंगामांचे आकडे आणि पैसे देणारे शंभरेक शेतकरी घेऊन जा. फंडाकडे मात्र तुम्हाला स्वतःलाच 5,000 कोटींची कंपनी हवी असेल तरच. वर्षाला तीन कोटींचा, नीट चाललेला धंदा पुरेसा वाटत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (लागतील तसे काढायचे, जमतील तसे भरायचे) तेवढ्याला पुरते आणि बोर्डावर कुणी येऊन बसत नाही.

घोळ एवढाच की कांद्याचं वर्ष गुंतवणूकदारासाठी थांबत नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो. ऑगस्टमध्ये पैसे मिळाले आणि ते दीड वर्ष पुरले, तरी साठवणुकीचा एकच पूर्ण हंगाम हातात येतो. तेव्हा पैशांची वाट न बघता येत्या मार्चमध्येच वीस चाळी ठरवा. दहांत यंत्र लावा, दहा तशाच ठेवा, आणि कांदा भरताना व चाळ फोडताना वीसही ठिकाणी वजन करून काट्याच्या पावत्या एका फाइलला लावा.