चार रविवार व्हेरा मेंचिक यांच्या डावांसोबत

नागपूरच्या धरमपेठेतील एका खासगी बुद्धिबळ वर्गाने मे महिन्यात महिलांच्या पहिल्या जगज्जेत्या व्हेरा मेंचिक यांच्या कारकिर्दीवर चार रविवारांची अभ्यासमाला घेतली. शुल्क बाराशे रुपये होते, आणि पालकांनाही बसू देत असल्यामुळे मुलीबरोबर मी चारही सत्रे पूर्ण केली. नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरात बुद्धिबळाच्या वर्गांना तोटा नाही. परंतु त्यांतील बहुतेक ठिकाणी सलामीच्या चाली घोकून घेण्यावरच भर असतो, त्यामुळे एका खेळाडूची सबंध वाटचाल डावांच्या आधारे शिकवण्याची कल्पना मला विशेष वाटली.

पहिले सत्र सर्वांत सरस झाले. मेंचिक यांचा जन्म १९०६ मध्ये मॉस्कोत झाला. वडील चेक, आई इंग्रज. रशियन क्रांतीनंतर घरची मालमत्ता गेली, आईवडील वेगळे झाले, आणि १९२१ मध्ये आई दोन्ही मुलींना घेऊन इंग्लंडमधील हेस्टिंग्ज या गावी आली. नव्या देशाची भाषा धड येत नसलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला, ज्या खेळात बोलावेच लागत नाही, तो जवळचा वाटला, हे सरांनी कोणताही उमाळा न आणता सांगितले आणि लगेच पट मांडला. त्याच गावात हंगेरीचे ग्रँडमास्टर गेझा मारोत्सी यांच्याकडे त्या शिकल्या. त्यांच्या खेळात फ्रेंच बचाव ही काळ्याची भक्कम सलामी कशी मुरली, घाई न करता प्याद्यांची भक्कम रचना उभी करून प्रतिस्पर्ध्याला जागेपुरते कोंडण्याची त्यांची पद्धत कशी घडली, हे तीन डावांतून इतके स्पष्ट झाले की मलाही, कॉलेज सुटल्यावर पटाला फारसा हात न लावलेल्या बाईला, चालींमागचा विचार दिसू लागला.

दुसऱ्या सत्राबद्दल मात्र माझी तक्रार आहे. १९२७ मध्ये लंडनला महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती मेंचिक यांनी ११ पैकी १०॥ गुण मिळवून जिंकली आणि १९३९ पर्यंत एकूण सात वेळा ही स्पर्धा जिंकली. पाठोपाठ १९२९ च्या कार्ल्सबाड स्पर्धेत आल्बर्ट बेकर या खेळाडूने, मेंचिक यांच्याकडून हरणाऱ्यांचा 'व्हेरा मेंचिक क्लब' काढू, अशी थट्टा केली आणि स्वतःच त्यांच्याकडून हरून त्याचा पहिला सभासद झाला. हा किस्सा रंगतोच. पण त्यावर पाऊण तास घालवल्यावर, त्याच कार्ल्सबाडला बावीस खेळाडूंत मेंचिक शेवटच्या आल्या होत्या, हे एका वाक्यात उरकावे काय? मुलांनी तेच पराभवाचे डाव पाहायला हवे होते. पुढे दोनदा मॅक्स युवे या भावी जगज्जेत्याला हरवणारी खेळाडू हे पराभव पचवून घडली. बचावाची बाजू शिकवण्यापेक्षा टाळ्या मिळवणे सोपे असते, हे आपल्या वर्गांचे जुनेच दुखणे आहे.

तिसऱ्या सत्रात ही कसर बरीच भरून निघाली. इंग्लंडचे खेळाडू जॉर्ज थॉमस यांच्याविरुद्धचा लंडनचा १९३२ मधील डाव चाल-चाल थांबवून घेतला. काळ्याने किंग्ज इंडियन बचाव ही सलामी घेतल्यावर पांढऱ्याने, म्हणजे मेंचिक यांनी, वजिराच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) का केले, यावर मुलांचीच वादावादी झाली आणि सर मुद्दाम गप्प राहिले. १९३५ मध्ये मॉस्कोच्या मोठ्या स्पर्धेत, म्हणजे स्वतःच्याच जन्मगावी, त्या पाहुण्या म्हणून खेळल्या आणि शेवटच्या आल्या. बहुतेक जगज्जेतेपदे चेकोस्लोव्हाकियाच्या नावावर, तर १९३९ चे इंग्लंडच्या नावावर गेले, हेही याच सत्रात समजले. स्थलांतरित खेळाडूबाबत 'कोणत्या देशाची?' हा प्रश्न किती गुंतागुंतीचा होतो, हे त्या नोंदींनी पटवले.

शेवटचा रविवार अपुरा वाटला. जून १९४४ मध्ये लंडनमधील घरावर जर्मन उडता बॉम्ब पडून मेंचिक, त्यांची आई आणि बहीण ओल्गा यांचा अंत झाला, तेव्हा त्या जगज्जेत्याच होत्या. यावर वर्ग संपवून मोकळे झाले. महिला ऑलिम्पियाड या देशांच्या सांघिक स्पर्धेतील विजेत्या संघाला मिळणारा करंडक मेंचिक यांच्या नावाचा आहे, आणि २०२४ मध्ये बुडापेस्टला तो भारताच्या संघाने, म्हणजे दिव्यासह, जिंकला, ही गोष्ट नागपूरच्या वर्गात सांगायची राहून जावी, याचे मला फारच नवल वाटले. मी उठून सांगितले तेव्हा मागच्या बाकावरील मुले पहिल्यांदाच सरळ बसली.

व्यवस्थेबद्दल थोडेसे. मे महिन्याच्या उन्हात कूलर चालू ठेवण्याला पर्याय नसतो, पण त्याचा आवाज आणि सरांचा हळू स्वर यांत शेवटच्या दोन ओळींचे नुकसान झाले. आकृत्यांच्या छायाप्रतीही फिक्या होत्या, त्यांत उंट आणि प्यादे ओळखताना मुलीने डोळे बारीक केले. भिंतीवरचा चुंबकी पट मात्र मोठा आणि स्वच्छ होता. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीत आहे. चालींची नोंद लिहिता येणाऱ्या, साधारण दहा वर्षांपुढील मुलांनी अवश्य जावे. पटावर नुकतीच ओळख झालेल्या लहानग्यांना तिथे कंटाळाच येईल. जागा पहिल्या ओळीत धरावी.