दुर्गाबाई भागवतांचे तैलचित्र: जुन्या नाशकातील एका चित्रकाराकडचा अनुभव

आमच्या महिला वाचक मंडळाच्या खोलीत लावण्यासाठी दुर्गाबाई भागवत यांचे तैलचित्र जुन्या नाशकातील एका व्यक्तिचित्रकाराकडून करून घेतले. कॅनव्हास २४ × ३० इंचांचा असून सागवानी चौकटीसह १८,००० रुपये खर्च आला. हाताने रंगवलेल्या कामाला ही किंमत रास्त वाटते.

संदर्भासाठी आम्ही दिलेले छायाचित्र कृष्णधवल आणि त्यांच्या उतारवयातले होते. पेन्सिलीचे रेखाटन चित्रकाराने आधी दाखवले व त्यात साम्य उत्तम साधले होते. मात्र रंगाचा पहिला हात चढला तेव्हा सुरकुत्या पुसट आणि गाल गुलाबी झाले होते. घरातल्या दिवंगत आजी-आजोबांची चित्रे करवून घेणाऱ्यांना बहुधा असेच हवे असते, त्यामुळे त्याचा हात तिकडे वळला असावा. परंतु १९७५ मध्ये, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असलेल्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलणाऱ्या आणि पुढे त्यासाठी तुरुंगात गेलेल्या विदुषीचा चेहरा गोडगोड दिसून कसे चालेल? आमचे म्हणणे त्याने वाद न घालता ऐकून घेतले, गुलाबी छटा काढून यलो ऑकर व बर्न्ट सिएना हे मातकट पिवळा आणि तांबूस तपकिरी रंग वापरले आणि ओठांच्या कडेच्या घड्या पुन्हा खोल केल्या. आता त्या चेहऱ्यावर करारीपणा आहे.

चष्म्याचे काम तर अप्रतिम आहे. डाव्या भिंगावर पांढऱ्या रंगाची एकच तिरकी, बारीक रेघ आहे. तिच्यामुळे काच जाणवते आणि मागचा डोळाही झाकला जात नाही. हातांबद्दल तसे म्हणता येणार नाही. छायाचित्रात हात नसल्याने मंडळातील एका सभासद बाईंना बसवून ते काढले. पुस्तकात खूण म्हणून घातलेले बोट सुरेख जमले आहे, पण ते चेहऱ्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण दिसते. पार्श्वभूमीला सोनेरी अक्षरांच्या ग्रंथांचे कपाट रंगवण्याचा त्याचा आग्रह होता; आम्ही साधा तपकिरी रंग ठेवायला लावला, ते बरे झाले.

चौकटीत काच घालून चित्र पाठवले होते. तैलचित्राला काच लागत नाही, शिवाय तिच्यात समोरची ट्यूबलाइट दिसत होती, म्हणून ती काढून घ्यायला सांगितले. व्हार्निशही तो लगेच लावणार होता. तेलरंग वरून सुकला तरी आतून वाळायला सहा महिने सहज लागतात, आणि त्यात नाशकातला पावसाळा, म्हणून ते काम पुढच्या उन्हाळ्यावर ठेवले असून त्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, असे बिलावरच लिहून घेतले आहे. याच्याकडे काम देणाऱ्यांनी चेहऱ्याचे वय आणि वर्ण याविषयी रेखाटनाच्या वेळीच स्पष्ट बोलावे आणि छायाचित्र हातांसह मिळाले तर तेच द्यावे.