पृथ्वीगोल घ्या, सोबतचा कागद फेकून द्या

नातवासाठी आठ इंची पृथ्वीगोल घेतला, अप्पा बळवंत चौकातून, 650 रुपयांना. मी 30 वर्षं भूगोल शिकवलाय, त्यामुळे खोका उघडल्यावर आधी कोनमापक काढला. आसाचा कल 23.5 अंश, बरोब्बर! पैसे तिथेच वसूल. दांडी सरळ उभी असलेला गोल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, त्यावर ऋतू दाखवता येत नाहीत.

रात्री स्वयंपाकघरातले दिवे घालवून ओट्यावर टॉर्च ठेवला. उत्तर ध्रुव टॉर्चकडे झुकलेला, म्हणजे जून. गोल गरागरा फिरवला तरी तो ध्रुव उजेडातच, आणि अंटार्क्टिका काळोखात. दांडीची दिशा न बदलता गोल टॉर्चच्या पलीकडे नेला की डिसेंबर. मग मी गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरवत राहिले आणि नातवाला कमानीच्या कडेने उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत मार्कर ओढायला लावला. रेघ पश्चिमेला वाकली. "आजी, मी सरळच ओढली!" वाऱ्यांचंही असंच होतं. दक्षिणेकडून विषुववृत्त ओलांडून आलेले वारे उजवीकडे वळतात, म्हणून आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. मार्कर व्हाइटबोर्डचाच घ्या हं, पुसला जातो.

आता तक्रारी. दोन गोलार्ध चिकटवताना सरकलेत. सुमात्रा विषुववृत्तावर तुटलंय, वरचा तुकडा नखभर पुढे. बैठकीतलं होकायंत्र निव्वळ शोभेचं. शेजारीच लोखंडी स्क्रू, सुई कायम त्याच्याकडे. उत्तर शोधायला शेवटी गच्चीवर गेलो. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साधारण 18.5 अंशांवर दिसतो, आपल्या अक्षांशाइतकाच.

आणि तो माहितीचा कागद! 'पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा' असं छापलंय. अहो, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, आपण स्वेटर शोधत असतो तेव्हा.

वरचा स्क्रूही ढिला. तिसऱ्या दिवशी गोल निसटून टेबलावर आडवा घरंगळला. म्हटलं, हा आता युरेनस. त्याचा आस सुमारे 98 अंश कललेला, लोळत लोळत 84 वर्षांत सूर्याभोवती एक फेरी. ध्रुवावर 42 वर्षं दिवस, 42 वर्षं रात्र. "म्हणजे 42 वर्षं शाळा?" नातवाचा चेहरा पडला.

घरी आणल्याबरोबर तो स्क्रू पिळून घ्या. पाचपैकी साडेतीन तारे.