बास धरायचा तर फिशफाइंडर की नुसता गळ?

अमेरिकेतल्या तळ्यांवर आज अनेकजण बास हा गोड्या पाण्यातला मासा धरायला होडीला फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) लावून, पडद्यावर मासा हलताना बघत गळ टाकतात. खोल, मोकळ्या पाण्यात त्याला तोड नाही, हे मान्यच. पण नजर पडद्यावरून उठत नाही.

मला मात्र काठावरची एक दांडी आणि गळाला आमिष म्हणून रबरी गांडूळ पुरतं. बास सावलीत दबा धरून बसतो, म्हणून बुडालेल्या ओंडक्याशी, लव्हाळ्याच्या कडेला गळ टाकायचा. दोरी बोटावर हलकी धरली की आधी बारीक टकटक जाणवते, मग दोरी हळूच बाजूला सरकते. त्या क्षणी छातीत धडधडतं! जॉर्ज पेरीने २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सुमारे १० किलोंचा विक्रमी बास धरला, तोही फिशफाइंडर नसताना.